पाइनच्या जमिनीवर स्प्रूस

आमच्या वडिलांची एक सवय होती. जंगलात शिरलं की ते वर बघायचे नाहीत, खाली बघायचे. झाडं माणसं लावतात, त्यामुळे झाडं खोटं बोलू शकतात, जमीन बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पायाखाली निळ्या बेरीची झुडपं असली तर जमीन ओलसर, तिथं स्प्रूस, म्हणजे नाताळात घरात सजवतात ते झाड, लावायचा. तांबडी बेरी असली तर जमीन कोरडी, रेताड, तिथं पाइन. आणि पांढरं दगडफूल पायाखाली चुरचुरलं तर तिथंही पाइनच, फक्त आपल्या हयातीत तो तोडायला मिळेल ही आशा सोडायची. पूर्व फिनलंडमध्ये, सरोवरांच्या या मुलखात, पोरांना हे शाळेत जायच्या आधी येतं. माझा थोरला भाऊ काउको आणि मी, दोघंही हेच ऐकत वाढलो. माझ्या लक्षात राहिलं. त्याच्याही राहिलं होतं, आणि तेच तर दुखणं आहे.

काउको आमच्या गावच्या शिकारी मंडळाचा म्होरक्या. आमच्याकडे शिकार म्हणजे मूसची. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, आणि हिवाळ्यात त्याला पाइनच्या कोवळ्या शेंड्यांसारखं गोड काही लागत नाही. एका थंडीत तो अख्खा मळा कुरतडून टाकतो. स्प्रूसला मात्र तोंड लावत नाही. म्हणून इथला जुना सौदा असा, की जंगलवाल्यांनी शिकाऱ्यांना आपल्या जमिनीत शिरू द्यायचं, शिकाऱ्यांनी मूस आटोक्यात ठेवायचे, आणि हंगाम संपला की गावच्या सभागृहात सगळ्या जंगलवाल्यांना बोलावून मूसचं सूप पोटभर वाढायचं.

दर वसंतात सभा व्हायची आणि काउको उभा राहून तेच भाषण ठोकायचा. "पाइनच्या जमिनीत पाइनच लावा. मूसला भिऊन तिथं स्प्रूस लावाल तर पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात रडाल. मूसचं आम्ही बघतो, तुम्ही जमिनीचं ऐका." लोकांनी ऐकलं. काहींची रोपं मूसनं खाल्ली. त्यांनी सूप पिता पिता काउकोला शिव्या घातल्या आणि पुन्हा पाइनच लावले. माझ्या भावाच्या शब्दाला गावात तेवढी किंमत होती.

त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलं होतं वडिलांचं टेकाड. रेताड, तांबड्या बेरीचं, माथ्यावर दगडफूल. रस्त्यानं जाताना तुम्हाला त्याच्या कडेनं उंच, तांबूस खोडांचे पाइन दिसतील. मी नोकरीची सगळी वर्षं लाहती शहरात काढली. सुट्टीला आले की मोटारीतून तेच पाइन बघायचे आणि मनात म्हणायचे, चला, वडिलांचं नाव राखलं यानं. निवृत्त होऊन परत आले, तळ्याकाठच्या आमच्याच छोट्या घरात राहायला लागले, तरी त्या टेकाडावर मी चढले नव्हते. माझे गुडघे आणि ते टेकाड यांचं जमत नाही.

टेकाडाची उत्तरेची उतरण संपते तिथं साइमीची हद्द लागते. लहानपणी आम्ही तिला मावशी म्हणायचो. आमचे केस पिकल्यावर नुसतं साइमी म्हणायला लागलो. तिच्या उतारावर ओल धरून राहते, निळी बेरी गुडघाभर, आणि तिच्यावर जुने स्प्रूस. असे, की आत शिरलं की भर जुलैत स्वेटर आठवावा. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमेपलीकडचा मुलूख रशियाकडे गेला, तेव्हा तिची आई तान्ह्या साइमीला घेऊन इथं आली होती. सरकारनं हा तुकडा दिला. झाडं तेव्हाही मोठीच होती. "आईनं एका खोडाला पाठ टेकली आणि म्हणाली, इथून आता आपल्याला कुणी ऊठ म्हणणार नाही," हे साइमी सांगायची, आणि सांगून झालं की उगाच जास्त बोलले म्हणून माफी मागायची. निर्वासितांच्या पोरांना ती सवयच असते. शाळेत दुसऱ्या कुणी दौत सांडली तरी साइमीच "चुकलं" म्हणायची, असं आमची आई हसत सांगायची. व्यापारी आले, तोडायची मशीनं आली, साइमीनं उतारातली काटकीसुद्धा विकली नाही.

यंदाचा उन्हाळा मेमध्येच पेटला आणि पाऊस कुठं हरवला ते कळलं नाही. गेल्या वर्षीही तसंच होतं. आधी आमचा उन्हाळा इतका आखूड असायचा की स्प्रूसच्या सालीत अंडी घालणाऱ्या भुंगेऱ्याला जेमतेम एक वेत उरकायला मिळायचं. आता तो निवांत असतो. तहानलेलं झाड त्याला बरोबर सापडतं, आणि एक संपलं की शेजारच्यावर जातो. पाइनला तो विचारत नाही.

जुलैच्या अखेरीला साइमी काउकोच्या अंगणात आली. मी तिथंच होते, त्याच्यासाठी वेलदोड्याचा पाव भाजून आणला होता. काउकोनं लग्न केलं नाही. त्याच्या स्वयंपाकघरात पाव म्हणजे माझाच. साइमीनं डोक्यावरचा रुमाल सोडून हातात घेतला आणि बसायलाच तयार होईना.

"बस गं, कॉफी ओततेय," मी म्हणाले.

"आधी बोलू दे. मग तुम्हाला मला कॉफी द्यावीशी वाटली तर द्या." ती काउकोकडे बघत होती. "माझ्या उतारावर भुंगेरे लागलेत. झाडं तांबडी पडायला लागली. हिवाळ्यातल्या वादळात ओढ्याकडची दोन पडली होती ना, ती मी जूनपर्यंत उचलली नाहीत. माणूसच मिळेना. भुंगेरे त्यातच पोसले असणार. माझा आळस. आता तिथून उडून तुझ्याकडे आले तर मी तुला तोंड कसं दाखवू?"

"अगं, होतं असं," काउको म्हणाला. तो पाव कापत होता आणि कापतच राहिला.

"होतं कसं? शेजाऱ्याचं जंगल म्हणजे काय चेष्टा आहे?" साइमीचा आवाज चिरला. "पण तुझ्या टेकाडावर पाइन आहेत ना सगळे? माझ्या झाडांच्या गर्दीतून वरचं काही दिसत नाही, रस्त्यावरून बघते तेवढेच. तेवढीच देवाची कृपा."

काउकोनं सुरी खाली ठेवली. मला आठवतं, त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"हो," तो म्हणाला. "पाइनच."

साइमी तेव्हा बसली. दोन कप कॉफी प्यायली, आणि जाताना त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तू रागावला नाहीस, हे मी विसरणार नाही." मी पण तिला फाटकापर्यंत पोचवताना समजूत घातली, की तू इतका विचार करतेस म्हणजे चूक तुझीच आहे असं नाही, तुझा स्वभावच तसा. चांगलं बोलले होते मी. त्या बोलण्याची आता आठवण झाली तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ऑगस्टच्या शेवटी तिच्या उतारावर मशीन आलं. वाळलेली तोडायची आणि अजून हिरवी दिसणारी पण लागण झालेली पण तोडायची, दुसरा इलाज नसतो. साइमी अंगणात खुर्ची टाकून बसली होती, तीन दिवस, जेवायलासुद्धा आत गेली नाही. काउको रोज तिच्याकडे जायचा. फांद्या गोळा करून दिल्या, सरपण फोडून रचून दिलं, तळ्यातले मासे साफ करून दिले. गावात लोक म्हणाले, शेजारी असावा तर असा. मीही दुकानात उभी राहून भावाचं कौतुक ऐकलं आणि मान डोलावली.

मग सप्टेंबर आला, तांबडी बेरी पिकली, आणि माझ्या गुडघ्यांना जरा बरे दिवस होते. बादली घेतली आणि वडिलांच्या टेकाडावर गेले. रस्त्याकडचे पाइन ओलांडायला कितीसा वेळ! ते ओलांडले आणि मी थांबले. पायाखाली तांबडी बेरी, दगडफूल, हाताला लागेल तशी रेती. वर स्प्रूस. रांगेत लावलेले, दाट, हातभर घेराचे, माझ्या भावाच्या तरुणपणाएवढे जुने. आणि मेलेले. काही यंदाचे, तांबडे. आत गेले तसे राखाडी, सुया झडून गेलेल्या, साल सोलून पडलेली. ते गेल्या वर्षीच मेले होते. सालीच्या आतल्या बाजूला भुंगेऱ्यांनी कोरलेल्या वाटा होत्या, मेंदीच्या नक्षीसारख्या बारीक.

मी टेकाडाच्या उत्तर टोकापर्यंत गेले. तिथून साइमीचा मोकळा झालेला उतार दिसत होता, बुंधेच बुंधे. तिची पडलेली झाडं पार खाली ओढ्याजवळ होती; आणि तिथले स्प्रूस तर शेवटपर्यंत हिरवे होते, हे मी स्वतः बघितलं होतं. वाळायला सुरुवात झाली होती वरच्या कडेनं. आमच्या कडेनं.

बादली रिकामीच घेऊन मी काउकोच्या अंगणात गेले. तो कुत्र्याच्या पायातला काटा काढत बसला होता.

"टेकाडावर गेले होते," मी म्हणाले.

त्यानं कुत्र्याला सोडलं.

"कुणी लावले ते?"

"मीच. आणखी कोण लावणार?"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अख्ख्या गावाला पाइन लावायला लावलेस तू!"

"तेर्त्तू, तेव्हा मूस किती होते तुला माहीत नाही. तू लाहतीला होतीस. बाबांच्या मागं मी पहिल्यांदा पाइनच लावले होते. एका हिवाळ्यात साफ. मी, नेम धरून बसणारा, माझ्याच टेकाडावर एक रोप वाचवू शकलो नाही." तो खाली बघत बोलत होता. "म्होरक्या नुकताच झालो होतो. दुसऱ्यांदा लावून तेही गेले असते तर लोकांनी काय म्हटलं असतं? म्हणून आत स्प्रूस लावले. रस्त्याच्या कडेला पाइन, त्यांना कुंपण घालून."

"आणि शिकारीचा हाका? मूस उठवत माणसं टेकाडावरून जात नव्हती?"

"टेकाडावरून हाका कधी नेलाच नाही. तिथं काही नसतं, म्हणून सांगायचो."

मला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर पोट धरून हसले असते.

"भुंगेरे कधी दिसले?"

"गेल्या ऑगस्टमध्ये थोडे. यंदा जूनमध्ये बुंध्याशी भुसा दिसला, तेव्हा कळलं."

"जूनमध्ये! जूनमध्ये तोडून बाहेर काढले असते तर तिथंच संपलं असतं, काउको! हे तू शिकवतोस लोकांना!"

"मशीन बोलवावं लागलं असतं," तो म्हणाला. "गावातून जाणारा रस्ता एकच आहे. मूसच्या म्होरक्याच्या पाइनच्या टेकाडावरून स्प्रूसचे ओंडके भरून गाड्या निघाल्या असत्या, दुकानासमोरून. लोक हसले असते."

"म्हणून?"

"म्हणून म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. मग त्याच्या पुढच्या. झाकली मूठ झाकलेली राहील असं वाटलं."

"आणि ती म्हातारी तुझ्याकडे माफी मागायला आली."

त्यानं तोंडावर हात ठेवला. साठी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माझा भाऊ, आणि तोंडावर हात. मला त्याची कीव आली नाही. मला शरम वाटत होती, आणि त्याची शरम माझ्या अंगाला चिकटली होती, कारण आडनाव एकच, टेकाड एकाच बापाचं, आणि तिला फाटकाशी समजावणारी मीच.

"सांग तिला," मी म्हणाले. "आज जा."

"सांगतो."

गेला नाही. दुसऱ्या दिवशी तिला मासे देऊन आला. मी विचारलं तर म्हणाला, तिनं इतक्यांदा आभार मानले की तोंड उघडायला फटच मिळाली नाही. मी म्हटलं, मग मी सांगते. तो म्हणाला, तू सांगितलंस तर मी या गावात राहू शकणार नाही, मीच सांगणार, हंगाम संपायच्या आत. मी ऐकलं. भाऊ म्हटलं की माणूस ऐकतो. रस्त्यात साइमी दिसली की मी सायकल दुसऱ्या वाटेला वळवायला लागले.

नोव्हेंबरात सुपाचा दिवस आला. सभागृहाच्या मागं लष्करी पातेलं चढलं, गाजर, बटाटे, मूसचं मांस, आणि मी पहाटेपासून राईच्या पावाला लोणी लावत होते. अख्खं गाव आलं. पातेलं आत आणलं, आणि काउको रिवाजाप्रमाणे स्वतः पळी घेऊन वाढायला उभा. जेवणं झाली, कॉफी फिरली, की जंगलवाल्यांपैकी कुणीतरी उभं राहून शिकाऱ्यांचे आभार मानायचे असतात. यंदा साइमी उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"सूप छान होतं," ती म्हणाली. "दरवर्षीसारखंच. पण मला आणखी एक सांगायचंय, सगळे आहेत तोवर. माझ्या उतारावर भुंगेरे झाले, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या हलगर्जीपणानं झाले. पडलेली झाडं मी वेळेवर उचलली नाहीत. तेव्हा ज्यांचे स्प्रूस आहेत त्यांनी पुढच्या वसंतात नीट बघा, आणि कुणाचं नुकसान झालं तर..." तिनं रुमालाचं टोक धरलं. "आम्हाला या गावानं जागा दिली. आणि मी असं केलं. मला माफ करा."

मी काउकोकडे बघितलं. आता नाही बोललास, मनात म्हटलं, तर मी बोलते, मग तू गावात राहा नाहीतर नको.

त्यानं पळी पातेल्यात सोडली.

"साइमी, खाली बस," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "तुझ्या पडलेल्या झाडांचा काही संबंध नाही. भुंगेरे माझ्याकडून आले. माझ्या टेकाडावर पाइन नाहीत. रस्त्याकडेला तेवढे आहेत. आत सगळे स्प्रूस आहेत, मीच लावलेले, मूसला भिऊन. गेल्या वर्षीच मरायला लागले होते. जूनमध्ये मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. तुम्ही हसाल म्हणून गप्प बसलो."

मग मागच्या बाकावरून म्हातारा ओइवा, काउकोबरोबर तीस वर्षं शिकारीला जाणारा, खाकरला.

"त्या स्प्रूसचं म्हणतोस होय?" तो म्हणाला. "अरे बाबा, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे! माझी बायको दरवर्षी तिथं बेरी वेचते. आम्ही त्याला म्होरक्याची नाताळबाग म्हणतो!"

"हाका नेऊ देत नव्हता ना," दुसरा कुणीतरी म्हणाला, "आम्हाला वाटायचं, झाडं लाजतात!"

आणि सभागृह फुटलं. माणसं टेबलं बडवत होती, बायका डोळे पुसत होत्या. त्यात दुष्टावा नव्हता. उलट इतक्या वर्षांचं साठलेलं प्रेमच होतं म्हणा ना. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. सुटले असं वाटलं मला. काउकोसुद्धा, डोळ्यांत पाणी, आणि तो हसत होता.

साइमी खाली बसली नव्हती. ती उभीच राहिली, रुमाल हातात, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. हसणं हळूहळू ओसरलं. फार वेळ नाही लागला. कुणी कॉफीचा कप उचलला, कुणी नाक पुसलं, आणि झालं.

"संपलं?" साइमीनं विचारलं.

ती काउकोकडे वळली. तिच्या आवाजात कधी नव्हे ते माफीचा लवलेश नव्हता.

"एवढंच हसणार होते रे हे लोक? एवढ्यासाठी माझी झाडं गेली?"

माझं तोंड अजून हसताना उघडलेलं तसंच होतं. ते मी हातानं झाकलं.